मामांची लाज, की मामांपुढे लाज?

प्रश्न : माझं माहेर तासगावजवळचं, सासर पुण्याचं, आणि आम्ही राहतो पिंपरीत. 2021 च्या एप्रिलात मिस्टरांना कोविड झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. मामांना एक फोन केला, तर त्यांनी त्याच दिवशी 60,000 रुपये पाठवले. बेदाणा विकून नुकताच हाती आलेला पैसा होता तो. 'सहा महिन्यांत देते' म्हणाले होते, त्याला चार वर्षं उलटून गेली. मामांनी एकदाही विषय काढला नाही. उलट दरवर्षी बेदाण्याचा डबा न चुकता येतो. मीच दोन दिवाळ्या गावाकडं गेले नाही. मामींचा फोन आला की मुलीला 'आई मीटिंगमध्ये आहे' असं सांगायला लावते. आता पैसे जमलेत. मामेबहिणीचं लग्न वैशाखात आहे, त्याच्या आत परत करायचेत. सोबत पाठवायला मेसेज लिहिला, 'मामा, मला तुमची फार लाज वाटते.' मिस्टरांना दाखवला तर ते हसायलाच लागले. म्हणाले, 'मामांनी असे काय दिवे लावलेत, म्हणून तुला त्यांची लाज वाटते?' मुलगी म्हणाली, 'आई, सरळ गिल्टी वाटतं असं लिही ना.' आमच्या गावाकडं असंच बोलतात. माझं चुकलं का? आणि मग लिहू तरी काय? – एक भाची

ताई,

मेसेज पाठवला नाहीत हे बरं केलंत. पण तुमच्या मिस्टरांना वाटलं त्या कारणासाठी नाही. तुमचं वाक्य चोख मराठी आहे. आणि ते हसले, तेही मराठीला धरूनच हसले. तुमच्या घरात एक 'ची' दोन तऱ्हांनी नांदतो आहे, एवढंच.

लहानपणी आई ओरडायची, 'लोकांची लाज वाटत नाही का तुला?' तेव्हा लोकांनी काही केलेलं नसायचं. केलेलं आपण असायचं, लोक फक्त बघत असायचे. 'जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळग' यातही जन आणि मन दोघंही निर्दोष, नुसते साक्षीला उभे. तुमचं 'तुमची लाज वाटते' हे याच घराण्यातलं. मामा साक्षीदार, चूक तुमची. आता दुसरं वाक्य घ्या : 'मला माझ्या मुलाची लाज वाटते.' इथं मुलगा साक्षीदार नाही, आरोपी आहे. तोच 'ची', तेच 'वाटते', आणि खटला पार उलटा.

मग ऐकणाऱ्याला कळतं कसं? चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना मी एक ठोकताळा बांधला होता. नातं वरचं असेल तर त्याच्यापुढची लाज, खालचं असेल तर त्याच्यामुळे आलेली लाज. सासऱ्यांची लाज, मास्तरांची लाज, चारचौघांची लाज हे सगळे साक्षीदार. मुलाची लाज, धाकट्या भावाची लाज हे आरोपी. नवऱ्याची लाज कुठल्या खात्यात जाते, ते ज्या त्या घरावर अवलंबून.

खरा घोळ 'वाटणे' या क्रियापदाचा आहे. ते दोन्ही बाजूंनी साक्ष देतं. 'मोठ्यांची लाज धर' म्हटलं की शंकेला जागा राहत नाही. 'बाळग' म्हटलं तरी नाही. धरायची आणि बाळगायची ती नेहमी दुसऱ्यापुढचीच. 'लाज आणली' म्हटलं की आरोपी कोण ते लगेच कळतं. एकट्या 'वाटते'त मात्र तोल पुष्कळसा आवाजावर जातो. शहरात लोक म्हणून 'समोर' नाहीतर 'पुढं' घालून मोकळे होतात, 'मला मामांसमोर लाज वाटते'. तुमच्या गावाला त्याची गरज पडली नाही, कारण तिथं बोलणाऱ्याचा चेहरा दिसत होता.

आणि हा गुंता आजचा नाही. अमरकोशात लाजेचे शब्द एका ओळीत बसवलेत : मंदाक्ष, ह्री, त्रपा, व्रीडा, लज्जा. आणि त्याला लागूनच एक वेगळी काढून ठेवली आहे, अपत्रपा. म्हणजे दुसऱ्यापुढं वाटणारी लाज. आपण जिला 'जनाची' म्हणतो तिला त्यांनी वेगळं नाव दिलं होतं. मराठीत आपण ते वेगळं नाव ठेवलं नाही, सगळा भार बिचाऱ्या 'ची'वर टाकला. त्या यादीतला मला सगळ्यात आवडणारा शब्द पहिला, मंदाक्ष. ज्यात डोळे मंद होतात, वर उचलवत नाहीत, ते. तुमच्या गावचं 'तुमची लाज वाटते' हे वाक्य अर्धं तोंडानं आणि अर्धं अशा खाली गेलेल्या डोळ्यांनी पुरं होतं. मोबाइलवर डोळे जात नाहीत. मामा चष्मा लावून वाचतील, किंवा मुलाला म्हणतील, 'वाच रे, काय लिहिलंय ताईनं.' तो मुलगा पुण्यामुंबईत शिकलेला असला, तर तुमच्या मिस्टरांसारखाच वाचणार.

एवढ्यासाठी तुमचं वाक्य थांबवायचं. चुकीचं म्हणून नाही.

आता दुसरे शब्द बघू. 'मी लाजले' लिहू नका. त्यातून बघायला आलेला मुलगा, चहाचा ट्रे आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरणं एवढंच दिसतं. लाज वाटणं आणि लाजणं ही एकाच आईची लेकरं, पण एकीच्या गालावर लाली चढते आणि दुसरीचा चेहरा उतरतो. (लाजाळूचं झुडूप मुळात अमेरिका खंडातलं. त्याच्या लॅटिन नावातही 'पुडिका' म्हणजे लाजरी असाच शब्द आहे. बोट लावलं की पानं मिटतात हे बघून दोन्हीकडच्या माणसांना एकच सुचलं.)

'शरम' फारसीतून आलेली. ती स्वतःपेक्षा दुसऱ्यावर फेकायला जास्त वापरतात, 'शरम नाही वाटत?' असं कमरेवर हात ठेवून. 'शरमेनं मान खाली' म्हटलं की मला वर्तमानपत्रातला मथळा दिसतो. 'शरमिंदी आहे' लिहिलंत तर मामा म्हणतील, भाची कुठला पिक्चर बघून आली. 'खजील' अरबीतून फारसीमार्गे आला. छान शब्द, पण त्याचं आयुष्य थोडं. पाहुण्यांना दुसऱ्याच नावानं हाक मारली की माणूस खजील होतो आणि जेवणाच्या ताटावर बसेपर्यंत सावरतो. चार वर्षं कुणी खजील राहत नाही. 'वरमणं' हे पकडलं गेल्यावरचं. आधी मोठ्यानं बोलत होता, मग कुणीतरी नेमकं वर्मावर बोट ठेवलं आणि आवाज बसला. मामांनी तर बोट ठेवलेलंच नाही, तेव्हा वरमणार कशावरून?

मुलीच्या 'गिल्टी'ला नाक मुरडू नका. आपल्याकडं 'अपराधी वाटणं' आहे, त्याचंच ते धाकटं, सुटसुटीत रूप. माझी तक्रार एवढीच की त्यात फक्त मी आणि माझी चूक असते. समोरचा माणूस त्यात लागत नाही. रात्री दोन गुलाबजाम जास्त खाल्ले तरी हल्ली गिल्टी वाटतं. तुमच्या भावनेत मामा आहेत, त्यांनी पाठवलेले बेदाणे आहेत. तो सगळा ऐवज त्या दोन अक्षरांत मावत नाही.

तुम्हाला हवा तो शब्द 'ओशाळणं'.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. गल्लीच्या तोंडाशी वाण्याचं दुकान होतं. पिशवी आणि चिठ्ठी घेऊन मला पाठवत. सामान घ्यायचं आणि म्हणायचं, 'नावावर मांडा.' ते लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत मांडत. वडिलांचा पगार दोन महिने अडकला तेव्हा आमचं पान भरून दुसऱ्या पानावर गेलं होतं. एका संध्याकाळी दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं असताना ते म्हणाले, 'आधी मागचं काय ते विचारून ये, पोरी.' मी रिकामी पिशवी घेऊन पळाले. नंतर कितीतरी दिवस शाळेला मागच्या बोळानं जायची. तिथं चिखल असे, एक मारकी गायही असे, पण ते दुकान लागत नसे. ती लाज.

मग एकदा पाऊस आला. असा आला की पळायला जागा त्याच दुकानाच्या पत्र्याखाली. मी भिंतीला चिकटून, तोंड फिरवून उभी. ते आतून म्हणाले, 'आत ये, भिजशील.' मी गेले. त्यांनी वही काढली नाही, वडिलांचं विचारलं नाही. गुळाच्या ढेपेवरचा एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि परत तराजूकडं वळले. मला तो खाववेना आणि परतही करवेना. मूठ मिटून उभी राहिले. पाऊस थांबेपर्यंत गूळ मुठीत पाघळला आणि बोटं एकमेकांना चिकटली. घरी येऊन मी ती फ्रॉकला पुसली. आजीनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, 'ओशाळली पोर.'

आजीच्या तोंडी तो शब्द आणखी एका वाक्यात यायचा. कुणी उगाच उपकार दाखवायला आलं की म्हणायची, 'मी कुणाची ओशाळी नाही.' म्हणजे मिंधी नाही, कुणाचं देणं माझ्या डोक्यावर नाही. शब्दाच्या पोटातच दुसऱ्याचं देणं आहे, बघा. ओरडणाऱ्यापुढं आपण ओशाळत नाही. तिथं भीती वाटते, राग येतो, नाहीतर सरळ लाज वाटते. ओशाळतो ते ज्याला ओरडायचा हक्क होता आणि जो ओरडला नाही, त्याच्यापुढं. उलट त्यानं वर गुळाचा खडा दिला. वर्षाला एक बेदाण्याचा डबा पाठवला.

तेव्हा शब्द मिळाला. आता त्यातली अडचण सांगते. लाज वाटली की माणूस मागच्या बोळानं जातो. ओशाळायला पत्र्याखाली उभं राहावं लागतं. घरी बसून, मोबाइलवर अंगठा ठेवून कुणी ओशाळत नाही, त्याला समोर माणूस लागतो. तुम्ही गेली चार वर्षं बोळात आहात. म्हणून 'मामा, मी ओशाळले आहे' असं टाइप करून पाठवू नका. तासगावला जा. शब्द आपोआप चेहऱ्यावर येईल, बोलावाही लागणार नाही.

मेसेज मात्र हवाच, कारण पैसे आधी पोचले पाहिजेत. लग्नाच्या मांडवात पाकीट हातात देऊ नका. देणं आणि आहेर यांची सरमिसळ झाली की चार लोक पाकीट मोजतात आणि मामांना सगळ्यांदेखत खुलासा करावा लागतो. ज्या माणसानं चार वर्षं कुणाला कळू दिलं नाही, त्याच्यावर ही वेळ आणू नये. लग्नघरात खर्चाची झुंबड महिनाभर आधी सुरू होते, तेव्हा खात्यावर आलेले पैसे कामाला येतील. व्याज धरू नका. मामांना हिशेब लावलेलं व्याज दिलंत तर त्यांनी केलेल्याचा तुम्ही व्यवहार केलात असं होईल. मनात सलत असेल तर बहिणीच्या आहेरात हात सैल सोडा.

मी असं लिहिलं असतं : 'मामा, 60,000 रुपये आज तुमच्या खात्यावर पाठवले. मिळाले की कळवा. तुम्ही वेळेला उभे राहिलात. परत द्यायला आम्हाला फार उशीर झाला, आणि त्यापायी मी यायचंही टाळलं, हे माझं चुकलं. लग्नाआधी दोन दिवस दोघंही येतो.' बस्स. 'आमची लाज राखलीत' असं घालायचा मोह होईल. नका घालू. ते द्रौपदीनं कृष्णाला म्हणायचं. मामा संकोचतील. 'सॉरी'ची बदामवाली चित्रंही नकोत.

मी त्यात 'आम्हाला' आणि 'दोघंही' लिहिलंय, ते मुद्दाम. तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट टोचली. दवाखान्यात मिस्टर होते. पैसे त्यांच्यासाठी आले. चार वर्षं तोंड चुकवलं तुम्ही, दिवाळी बुडवली तुम्ही, शब्द शोधत बसलात तुम्ही, आणि ते वाक्यातला 'ची' पकडून हसले. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. अशा वेळी हसणं हाही तोंड चुकवायचाच एक बोळ असतो. पण आपल्याकडं ही वाटणी फार जुनी आहे. 'लाज हा बाईचा दागिना' असं मला शाळेत असताना सांगितलं गेलं, आणि शिक्षिका झाल्यावर तेच मी मुलींना सांगावं अशी अपेक्षा होती. मुलांना शिस्त, मुलींना लाज. नवरात्रात आपण 'या देवी सर्वभूतेषु लज्जारूपेण संस्थिता' म्हणतो. त्यात 'सर्वभूतेषु' आहे, ताई. सगळ्या जिवांच्या ठायी, म्हणजे जावयाच्याही. माणूस सरळ निर्लज्ज असेल तर आपण म्हणतो, यानं कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलं. तुमचे मिस्टर तसे नाहीत. त्यांनी फक्त आपल्या वाट्याचं तुमच्या खांद्यावर टाकलंय. मेसेज दोघांच्या नावानं जाऊ द्या, आणि पैसे त्यांच्या फोनवरून पाठवा. मामांपुढं जाऊन उभं राहायचं तेही दोघांनी.

मामींचं खातं वेगळं आहे. त्यांचे पैसे नव्हते कदाचित, पण फोन त्यांचे होते. 'मीटिंगमध्ये आहे' हे त्यांनी किती वेळा ऐकलं आणि किती वेळा खरं मानलं, ते त्या सांगणार नाहीत. मामांना मेसेज करायच्या आधी त्यांना फोन करा, कामाच्या वेळात नाही, दुपारी जेवणं झाल्यावर. 'मामी, मी मुद्दाम घेत नव्हते फोन' एवढं एक वाक्य बोला. त्या म्हणतील, 'असू दे गं.' तिथं समजावत बसू नका, लग्नाची खरेदी कुठवर आली ते विचारा. आणि मुलीला एकदा सांगून टाका की मीटिंग नव्हती, आई फोन टाळत होती. तिला ते माहीतच आहे. 'गिल्टी' हा शब्द तिनं इंग्रजीच्या पुस्तकातून आणला असं मला वाटत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं राहिलेलं शेपूट : गावाकडं गेल्यावर मामांसमोर तोंडून 'तुमची लाज वाटत होती, मामा' असं निघालं, तर निघू द्या. तिथं ते बरोबर कळेल. मिस्टरांनी तिथंही हसायचा प्रयत्न केला तर मामाच त्यांच्याकडं बघतील.

आणि ते बेदाण्याचे डबे. चार तरी साठले असतील माळ्यावर, नाहीतर तुम्ही त्यात डाळी भरल्या असतील. धुऊन, उन्हात वाळवून परत न्या, पण रिकामे नेऊ नका. एकात चकल्या, एकात शंकरपाळी, रुखवताला उपयोगी पडतील. तिसऱ्यात चिवडा. त्यात बेदाणे घालू नका, त्यांच्याच बागेतले त्यांनाच कशाला. चौथा डबा मात्र घरी राहू द्या, पुढच्या वर्षी मामांना पाठवायला लागेल.